परडं खणायच्या आधी खाली काय आहे ते बघा

(कोल्हापुरातल्या एका कॉलनीच्या हॉलमध्ये झालेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून टाईप करून थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. मागं उभं राहू नका, पुढच्या खुर्च्या मोकळ्या आहेत की. मला सांगितलंय की पाऊस लागायच्या आत कॉलनीत झाडं लावायची आहेत, कुणाला गेट सरकवायचंय, कुणाला पावसाचं पाणी मुरवायला खड्डा मारायचाय, आणि त्याआधी जमिनीखालच्या लायनींबद्दल जरा बोला. मी केबल आणि पाइप शोधायचं काम करतोय, मशीन घेऊन फिरतोय, म्हणून लोकांना वाटतं की हा आता मशीनचीच जाहिरात करणार. मशीन आणलंय, ते बघा टेबलावर आहे, पण त्याच्याकडं नंतर येऊ.

मुद्दा सरळ आहे. रस्त्यावरच्या लायनीला कोणतरी मालक असतोय, महावितरण आहे, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग आहे, टेलिफोनवाले आहेत, काही भागात आता पाइप गॅसवाले आहेत, त्यांच्याकडं बरावाईट का असेना नकाशा असतोय, नसला तर निदान एखादा जुना माणूस असतोय ज्याला माहिती आहे. पण एकदा का वीज मीटरमधून आणि पाणी तुमच्या कंपाऊंडमधून आत आलं, की तिथनं पुढची लाइन तुमची, आणि ती कुणाच्याच नकाशात नाही. आणि घरी खणताना कुदळ जास्त करून ह्याच लायनीवर पडत्या.

आता तुमच्याच परड्यात काय काय आहे ते मोजा बघू मनात. मीटरपासून घरात गेलेली केबल, बोअर असेल तर मोटरची केबल, नळापासून संपला जाणारा पाइप, संपापासून वरच्या टाकीला चढणारा पाइप, बाथरूम संडासच्या लायनी चेंबर टू चेंबर, सेप्टिक टँक, शोषखड्डा, अर्थिंगचा खड्डा आणि त्याची पट्टी, गेटवरच्या दिव्याची वायर, तुळशीपाशी दिवाळीला लावलेला एक पॉइंट, मागच्या दोन-चार वर्षांत घातलेली कॅमेऱ्याची वायर, इंटरनेटची फायबर, आणि वर सोलर बसवलं असेल तर त्याची खाली आलेली वेगळी अर्थिंग. ह्यातली प्रत्येक लाइन वेगळ्या साली वेगळ्या माणसानं घातली. प्लंबर गेला सांगलीला, वायरमन आता हयात नाही, गवंड्याला विचारलं तर तो म्हणतोय साहेब मी काय एकच घर बांधलंय काय. वडिलांना माहिती होतं, त्यांनी कुठं लिहून ठेवलं नाही. झालं.

आणि खोली? वीज केबल जमिनीत कशी घालायची ह्याचं भारतीय मानक आहे, आयएस १२५५, १९८३ सालचं. त्यात लो व्होल्टेज केबल ७५० मिलिमीटर खाली, ११ केव्हीपर्यंतची ९०० मिलिमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १०५० मिलिमीटर, असं दिलंय. खाली वाळूची गादी, वर परत वाळू, त्यावर विटा किंवा फरशी, म्हणजे खणणाऱ्याला केबलच्या आधी वीट लागावी. हे झालं कागदावर. घरातल्या बोअरची केबल बघा, वीतभर खाली असत्या, कधी साध्या पाइपात, कधी तशीच उघडी, वर कोबा केला की विषय संपला. म्हणून "केबल तर अडीच फूट खाली असते, मी तर फूटभरच खणणार" हा हिशोब घरात करायचा नाही. आणि उलटंही होतंय. घालताना लाइन बरोबर खोल होती, पण मालकानं नंतर परडं सपाट करायला माती काढली, लाइन वर आली. किंवा रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि लाइन आणखी खाली गेली. नदीकाठच्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर गाळ बसला, कुठं माती वाहून गेली. पाइप आहे तिथंच आहे ओ, जमीन वरखाली झालीय.

अमेरिकेत ह्यासाठी एक फोन नंबर आहे, ८११. २००५ साली ठरला, २००७ पासून देशभर चालू. घरात साधी कुंपणाची पोस्ट रोवायची असली तरी आधी फोन करायचा, मग कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगानं खुणा करून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज, आणि जिथं खणायचंय तिथं तुम्ही स्वतः पांढरी खूण करायची. चांगली सिस्टीम आहे, मला त्यांचा हेवा वाटतो. पण गंमत बघा, तिथंसुद्धा कंपनीची माणसं खूण करतात ती त्यांच्या मालकीच्या लाइनपुरती, बहुतेक करून मीटरपर्यंतच. मीटरच्या आत स्विमिंग पूलची केबल, बागेचं स्प्रिंकलर, मागच्या शेडची वायर, ती तुमची तुम्ही शोधा, नाहीतर पैसे देऊन खाजगी माणूस बोलवा. म्हणजे एवढी यंत्रणा असूनही परडं राहतंयच.

आपल्याकडं पण आता एक सोय झालीय. २२ मार्च २०२३ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप सुरू झालं, दूरसंचार खात्याचं. खणणाऱ्यानं त्यात जागा टाकायची, मग त्या जागेखाली ज्यांच्या लायनी आहेत त्यांना मेसेज जातो. हे मुळात फायबर तुटते म्हणून केलं, खोदकामात केबली तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटींचं नुकसान होतं असं सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं. रस्त्याला लागून खणणार असाल, कंपाऊंड वॉलचा पाया काढणार असाल, तर अ‍ॅपवर जरूर टाका, फुकट आहे. पण तुमच्या तुळशीपाशी गेलेली वायर त्या अ‍ॅपला कुठनं कळणार.

कोल्हापूरचं एक वेगळंच आहे, विशेष करून पेठांतल्या लोकांसाठी सांगतो. ह्या गावाला पाणी एका ठिकाणावरून आलेलं नाही. आधी कळंबा तलावाचं पाणी, मंगळवार पेठेत पाण्याचा खजिना म्हणतो तो भाग आहेच, मग पंचगंगेवरनं उपसा, बालिंगा, शिंगणापूर, आणि २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली, पन्नास किलोमीटरच्या वर लांब, तिच्यासाठी किती वर्षं आंदोलनं झाली हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येक वेळी नवीन लाइन पडली की जुनी काढत बसत नाहीत, काढायला परवडत नाही, ती तशीच खाली राहते. त्यामुळं शिवाजी पेठेत किंवा शुक्रवारात खणायला घेतलं की बिडाचा पाइप लागतो आणि घरमालक म्हणतो, "बंद आहे ती लाइन, तोडा बिनधास्त." कुणी सांगितलं बंद आहे? एखादं जुनं कनेक्शन अजून तिच्यावर असतंय, शेजारच्या वाड्यातलं. बंद लाइन म्हणजे काय तर जिची दोन्ही टोकं बघितलीत आणि रिकामी सापडली ती. तोवर ती चालू धरायची.

मग विचारायचं कुणाला? पाण्याच्या लाइनसाठी मी आधी तुमच्या भागाचा चावीवाला गाठतो. पहाटे व्हॉल्व्ह फिरवायला येतोय ना, तो. त्याच्या डोक्यात जेवढा नकाशा आहे तेवढा ऑफिसमधल्या कपाटात पण नसेल. कुठली मेन लाइन रस्त्याच्या कुठल्या कडेनं जाते, कुठं फेरूल मारलंय म्हणजे मेन लाइनवरनं घराचं कनेक्शन काढलंय, कुठं दोन लायनी एकमेकांवरनं गेल्यात, सगळं सांगतोय तो, फक्त पाणी सोडायच्या वेळेला विचारू नका. विजेसाठी भागाचा लाइनमन, नाहीतर महावितरणच्या शाखा ऑफिसात अर्ज. गल्लीतल्या वायरी पोलवरनं हवेतनं जात असल्या म्हणून जमिनीत सर्व्हिस केबल नाही असं समजू नका, बऱ्याच घरांत पोलवरनं पाइपातनं खाली उतरून जमिनीतनं मीटरपर्यंत येते. पोलच्या बुडाशी जाऊन बघा, पाइप जमिनीत घुसलाय का. दोन मिनिटांचं काम.

आता घरातलं. ह्यात मी जरा वेळ घालवणार आहे, कारण इथं मशीन लागत नाही, डोळे आणि टेप लागते.

सुरुवात टोकांपासून. जमिनीतली कुठलीही लाइन कुठंतरी वर येतेच. मीटर बोर्डाखालून बाहेर जाणारे पाइप मोजा, चार पाइप खाली गेलेत आणि तुम्हाला तीनच लायनी माहिती आहेत म्हणजे चौथी शोधायची राहिली. बोअरच्या केसिंगपाशी केबल कुठल्या बाजूनं बाहेर पडल्या ते बघा, स्टार्टरपाशी कुठनं येते ते बघा, दोन्हींमध्ये सरळ रेघ नसतीय हां, वायरमन भिंतीच्या कडेनं जातोय किंवा जिथं खणायला मऊ लागलं तिथनं जातोय. ड्रेनेजचं सगळ्यात सोपं. चेंबरची झाकणं उघडा, वास येतोय म्हणून टाळाटाळ करू नका, आत बघा पाइप कुठल्या दिशेनं येतोय आणि कुठल्या दिशेनं जातोय. एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत लाइन सरळच असणार, कारण वळवायची असली की तिथं चेंबर करावा लागतो, नाहीतर तुंबल्यावर साफ कुठनं करणार. आणि एका बादलीत रंग कालवून संडासात ओतला की कुठल्या चेंबरला निघतोय हे पोरं पळत जाऊन सांगतात, त्यांना सुट्टीत कामच पाहिजे असतं.

जमीन बघा. कोब्यावर एक पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, तिथं कधीतरी फोडून बुजवलंय. पावसात एखाद्या ओळीत पाणी साचतं, तिथं चर भरताना धुम्मस नीट केलेलं नाही. उन्हाळ्यात सगळं वाळलंय आणि एकाच जागेवर हराळी हिरवीगार, तिथं एक तर पाइप गळतोय नाहीतर शोषखड्डा आहे. मंजूर नकाशा काढून बघा, पण त्याच्यावर फार विसंबू नका, कागदावर सेप्टिक टँक ईशान्येला आणि प्रत्यक्षात तिसरीकडंच, असं मी बऱ्याच घरांत बघितलंय, वास्तुवाले मध्ये आलेले असतात. त्यापेक्षा वास्तुशांतीचे फोटो काढा. मागं अर्धवट भरलेली चर दिसते, पाइपांचा ढीग दिसतो, पाहुणे पुढं उभे असतात, पण आपल्याला मागचंच बघायचंय.

मग स्विच बंद करायचा. मेन स्विच पाडला म्हणजे सगळं मेलं असं लोकांना वाटतं. चूक. मेन स्विच पाडला की त्याच्या पुढचं बंद होतं. पोलपासून मीटरपर्यंतची केबल तशीच जिवंत, कारण ती तुमच्या स्विचच्या आधी आहे, ती बंद करायची तर महावितरणलाच सांगायला लागतं. दुसरं, इन्व्हर्टर. गेटचा दिवा इन्व्हर्टरवर घेतलेला असतोय आणि मेन पाडल्यावर तो आपला चालू. सोलरचं तर पॅनेलपासून खाली येणारी डीसी वायर ऊन आहे तोवर जिवंतच. तिसरं, टेस्टर. केबलच्या प्लास्टिकवर टेस्टर लावून दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, हे कुणी शिकवलं माहीत नाही, इन्सुलेशनवरनं तो काहीच सांगत नाही. ज्यांच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच, नाही त्यांनी खणायच्या आधी ती बसवून घ्या, आणि तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडत्या का बघा.

बरं, मशीन. ह्याला पाइप अँड केबल लोकेटर म्हणतात, दोन भाग आहेत. वायरमधून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हा हातातला रिसीव्हर ते पकडतो आणि लाइनच्या बरोबर वर आला की आवाज मोठा होतो. विजेचा आपला करंट ५० हर्ट्झचा, तो नुसता ऐकूनसुद्धा केबल सापडते. पण इथं एक सापळा आहे. केबल जिवंत आहे पण तिच्यातनं करंट वाहत नाही, म्हणजे मोटर बंद आहे, तर रिसीव्हर गप्प. लोक म्हणतात मशीननं सांगितलं खाली काही नाही, आणि तिथंच खणतात. म्हणून बोअरची केबल शोधताना मी आधी मोटर चालू करायला लावतो. आणि तरीही जाणारा आणि येणारा करंट एकाच केबलात असतो, ते एकमेकांना बरंच मारतात, सिग्नल बारीक येतो. त्यासाठी हा दुसरा डबा, ट्रान्समीटर. हा लाइनला जोडून स्वतःचा सिग्नल घालायचा, समजा ३३ किलोहर्ट्झ. जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लाइनवर पटकन चढतो पण शेजारच्या लाइनवर पण उडी मारतो, मग गेटच्या दिव्याची वायर शोधताय आणि मशीन पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपवर ओरडतंय. कमी फ्रिक्वेन्सी आपल्याच लाइनवर लांबपर्यंत राहते. हे कळायला हात बसावा लागतो, एका दिवसासाठी भाड्यानं आणून घरच्या घरी करतो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. स्क्रीनवर खोलीचा आकडा येतो तो पण सरळ लाइनवरच जरा बरा असतो, वळणापाशी किंवा दोन लायनी जवळ असल्या की तो आकडा सोडून द्यायचा.

आणि प्लास्टिक? पीव्हीसी, यूपीव्हीसी, एचडीपीई पाइपातून करंट जात नाही, त्यामुळं हे मशीन त्याला आंधळं. नवीन घरांत सगळं प्लास्टिकच आहे. त्याला उपाय एक, पाइप रिकामा असेल तर आत वायरमनची स्प्रिंग ढकलायची आणि ट्रान्समीटर तिला जोडायचा, किंवा सोंड नावाचा छोटा ट्रान्समीटर आत सोडायचा, ड्रेनेजला हे झकास चालतं. पाणी भरलेल्या पाइपाला जमत नाही. मग लोक विचारतात रडार का नाही लावत. जमिनीत लहरी पाठवून वर येणारा पडसाद बघायचा, प्लास्टिक पण दिसतं, सगळं खरं. पण रडारला कोरडी, वाळूसारखी जमीन आवडते. आपली काळी माती, चिकण, पाणी धरून ठेवणारी, ती लहर पिऊन टाकते, पावसाळ्यात तर फूटभर खालचंसुद्धा धड दिसत नाही. नदीकाठची काळी जमीन आणि टेकाडावरचा मुरूम ह्यात रडारच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा रडारवाला बोलवायचाच असेल तर मे महिन्यात बोलवा.

पाणाड्यांचा विषय कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. हातावर नारळ उभा राहतो, तांब्याच्या काड्या एकमेकींवर येतात, कडुनिंबाची काटकी वळते. बोअरला पाणी लागलं की पाणाड्या बरोबर, नाही लागलं की घरमालकाचं नशीब. मला त्यात पडायचं नाही, पण आता काही लोक त्याच काड्या घेऊन पाइपलाइन शोधून देतो म्हणायला लागलेत. ह्याची नेमकी परीक्षा झालेली आहे, १९९० च्या सुमाराला जर्मनीत कासल गावात. जमिनीखाली अर्धा मीटर प्लास्टिकचा पाइप पुरला, व्हॉल्व्हनं पाणी सोडायचं किंवा बंद करायचं, आणि काडीवाल्यांनी फक्त एवढंच सांगायचं, आत्ता पाणी वाहतंय का नाही. तीसेक जण होते, पद्धत त्यांना आधी दाखवली, त्यांनी मान्य केली. निकाल नाणं उडवल्यावर जेवढा बरोबर येईल तेवढाच. पाणाड्यावर श्रद्धा असेल तर असू दे, पण त्याच्या शब्दावर वीज केबलशेजारी पहार मारू नका.

तर एवढं सगळं करूनही शेवटी जमिनीत हात घालायलाच लागतो. जिथं लाइन आहे असं वाटतंय तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मशीन बंद, जेसीबी लांब. आधी हातानं छोटा खड्डा घ्यायचा, लाइन उघडी करायची, डोळ्यांनी बघायची, मग पुढचं ठरवायचं. खोऱ्यानं थर थर काढा, लाइनच्या कडेनं खाली जा, वरनं नाही. पहार उभी मारायची सवय आपल्या लोकांना फार, मुरूम कडक आहे म्हणून गडी दोन्ही हातांनी उचलून मारतोय, आणि पहार म्हणजे सगळं लोखंडच, करंट थेट हातात. वाळू लागली, विटांची ओळ लागली, लाल नाहीतर पिवळी प्लास्टिकची पट्टी लागली, तर थांबायचं. आपल्या काळ्या मातीत मध्येच स्वच्छ वाळू कशी येईल, कुणीतरी आणून घातलीय म्हणूनच ना. हे गड्याला आधीच सांगून ठेवा, त्याला वाटतं जुना पाया लागला आणि तो विटा काढून बाजूला रचून ठेवतोय, व्यवस्थित, एकावर एक.

जेसीबीबद्दल अजून एक. त्याचा दात केबलला लागला की केबल तिथंच तुटते असं नाही, ती ओढली जाते आणि लांब कुठंतरी जॉइंटमध्ये सुटते. म्हणजे खड्ड्यात केबल अखंड दिसते आणि लाइट गेलेली असते. आणि नुसता ओरखडा पडला तर? तेव्हा काहीच होत नाही, म्हणून माणसं माती ओढून मोकळी होतात. बेल्जियममध्ये गिलेंगियां नावाच्या गावात गॅसच्या मोठ्या पाइपला बांधकामाच्या मशीनचा असाच ओरखडा पडला होता, पाइप फुटला नाही. नंतर ३० जुलै २००४ ला तो फुटला आणि २४ माणसं गेली. तुमच्या दारातला गॅसचा पिवळा पाइप एवढा मोठा नाही, पण नियम तोच, घासलं तरी कळवायचं. दंड होईल, बोलणी खावी लागतील, खाऊन घ्यायची.

लागलंच काही तर. गॅसचा वास आला किंवा फुस्स आवाज आला की काम सोडून वाऱ्याच्या उलट्या दिशेनं लांब जायचं, कुठलाही स्विच चालू-बंद करायचा नाही, गाडी सुरू करायची नाही, मोबाईल लांब जाऊन लावायचा, आणि पाइपाला बोट लावून, फडकं कोंबून शहाणपणा करायचा नाही. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो, पण मातीत असेल तर चरीतनं, ड्रेनेजच्या पाइपातनं सरकत घरात शिरतो, आणि मातीतनं जाताना त्याचा वास कमी होऊ शकतो. सिलेंडरचा गॅस जड, तो खड्ड्यातच बसून राहतो, ज्या अपार्टमेंटला खाली सिलेंडरची बँक आहे त्यांनी हे लक्षात घ्या. जेसीबी जिवंत केबलला लागला तर ड्रायव्हरनं केबिनमध्येच बसायचं, बाकीच्यांनी लांब, आणि १९१२ ला फोन. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून उडी मारायची, मशीनला आणि जमिनीला एकदम हात-पाय लागू द्यायचा नाही, आणि तसंच पाय न उचलता घासत लांब जायचं. कारण जमिनीतच करंट पसरलेला असतो, लांब ढांग टाकली की एका पायातनं दुसऱ्या पायात जातो. गडी चिकटला असेल तर त्याला हात लावायच्या आधी सप्लाय तोडा, हे सगळ्यांना पाठ असतं आणि त्या क्षणाला कुणाला आठवत नाही.

दोन गोष्टी आहेत ज्या तुटल्यावर काहीच आवाज करत नाहीत, आणि मला त्यांचीच जास्त भीती. एक अर्थिंगची पट्टी. गड्याला जुनं गंजकं लोखंड वाटतं, तो कापतो, भंगारात देतो. घरात दिवे चालू, फ्रीज चालू, मोटर चालू, कुणालाच पत्ता नाही. मग महिन्यांनी गिझरमध्ये लीकेज होतं आणि बॉडीत आलेल्या करंटला जायला वाट नसते. दुसरी, पाण्याच्या पाइपाची बारीक चीर, गटारीशेजारी. आपल्याकडं पाणी ठरलेल्या वेळेला येतं. पाणी चालू असताना चिरेतनं बाहेर गळतं, ते आपण चालवून घेतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ लागते आणि शेजारची घाण आत येते. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती आठवतंय ना, ती दूषित पाण्यानंच. साथ खणल्यामुळं आली असं मी म्हणत नाही, पाण्यात घाण गेली की काय होतंय ते सांगतोय. म्हणून पाण्याचा पाइप दुखावला तर ट्यूबचं रबर गुंडाळून बुजवू नका, तेवढा तुकडा बदला.

विचारा आता. हां, वहिनी? ... त्या विचारतायत की वाटणीत परडं आम्हाला आलं आणि खाली चुलत दिरांची ड्रेनेज लाइन आहे, ती तोडली तर चालेल काय. पेठेतल्या जुन्या घरांत हे फार आहे बघा, वर भिंत घातली, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड वेगळं झालं, खालचा पाइप एकत्रच राहिला. कायद्याचं मला विचारू नका, वकिलांना विचारा. कामाचं सांगतो, लाइन तोडून ती त्यांच्याकडं तुंबली की तुमच्याच पायात मुरणार, उतार तुमच्याकडं आहे. त्यांना बोलवा, दोघं मिळून चेंबर उघडा, खर्च वाटून लाइन भिंतीकडेला घ्या. बोलणं बंद असेल तर प्लंबरला मध्ये घाला, त्याला दोन्हीकडं चहा मिळतो.

काका काय म्हणतायत, लाइन सापडली, आता खूण कशी ठेवायची, चुना तर पावसात जातो. चांगलं विचारलंत. चर बुजवायच्या आधी फोटो काढा, त्यात टेप ताणून धरलेली दिसली पाहिजे आणि मागं घराचा कोपरा दिसला पाहिजे, नुसत्या चरीचा फोटो पुढच्या वर्षी बघितला तर कुठलीही चर वाटते. मग वळणाच्या प्रत्येक जागेपासून घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपर्यंत अंतर मोजा, झाडापासून नको, गेटपासून नको, गेट तर सरकवायचंच आहे तुम्हाला. दोन अंतरं असली की ती जागा परत कुणालाही सापडते. हे एका कागदावर काढून मीटर बोर्डाच्या दाराला आतनं चिकटवा, तारीख घाला, कारण वायरमन येऊन दार उघडतोयच. केबलवर फूटभर माती झाली की पिवळी वॉर्निंग टेप अंथरा, हार्डवेअरच्या दुकानात मिळत्या, आणि प्लास्टिकचा पाइप घालत असाल तर त्याच्या अंगाला लागून एक साधी इन्सुलेटेड तांब्याची वायर सोडा, दोन्ही टोकं वर काढून. तिला कुठंही जोडायची नाही. उद्या माझ्यासारखा कोणी मशीन घेऊन आला की ट्रान्समीटर तिलाच लावतो आणि प्लास्टिकचा पाइप लगेच सापडतो.

बस, आता बाहेर जाऊया. हॉलच्या मागं नळापासून टाकीपर्यंत जीआयची लाइन आहे असं वॉचमन म्हणतोय, पण ती कुठनं गेल्या ते त्याला पण माहिती नाही. ट्रान्समीटर मी लावतो, रिसीव्हर तुमच्यातल्याच कुणीतरी धरा, चुना कुणाकडं तरी द्या. आणि पोरांना जरा बाजूला घ्या, मोबाईल रिसीव्हरच्या जवळ आणू नका, सिग्नल बिघडतोय.